विश्लेषण : शाळा लवचीक झाली, पण मुलाला आधार कोण देणार?

शाळेत न जाता दहावी-बारावी करता येते, तीही आपल्या वेळेने, आपल्या विषयांनिशी आणि आता मोबाइलवरचे धडे ऐकत. देशात ही सोय साडेतीन दशकांपासून आहे. अध्ययन अक्षमता असलेली मुले, दिव्यांग विद्यार्थी, खेळाडू, कामाला लागलेली मुले आणि लग्न होऊन शाळा सुटलेल्या मुली या सर्वांसाठी ती आहे, असे सांगितले जाते. ते खरेही आहे. मात्र ज्या मुलाला लवचीक शाळेची सर्वाधिक गरज असते, त्यालाच माणसाच्या मदतीचीही सर्वाधिक गरज असते. सध्याच्या व्यवस्थेत लवचीकता सरकार देते आणि मदतीची जबाबदारी बहुतेक वेळा घरावर पडते. प्रश्न तिथे आहे.

मुक्त विद्यालय म्हणजे नेमके काय?

केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने १९७९ मध्ये मुक्त शाळेचा एक प्रकल्प सुरू केला. त्यातूनच १९८९ मध्ये ‘नॅशनल ओपन स्कूल’ ही स्वतंत्र संस्था उभी राहिली. परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याचा अधिकार तिला १९९० मध्ये मिळाला आणि २००२ मध्ये तिचे नाव ‘राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था’ असे झाले. सर्वसाधारण बोलण्यात ती ‘एनआयओएस’ म्हणूनच ओळखली जाते. मुख्यालय नोएडाला, तर महाराष्ट्रातील प्रादेशिक केंद्र पुण्यात. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीतील ही स्वायत्त संस्था आहे. म्हणजेच ती एखादी खासगी शिकवणी नाही आणि ‘बाहेरून परीक्षा’ देण्याची पळवाटही नाही. सीबीएसई किंवा राज्य मंडळ जसे मंडळ, तसेच हेही एक मंडळ आहे.

राज्य मंडळाचा ‘१७ नंबरचा फॉर्म’ महाराष्ट्रात घरोघरी माहीत आहे. या दोन्हींत गल्लत होते. १७ नंबरच्या फॉर्मवर विद्यार्थी खासगी म्हणून बसतो. पण अभ्यासक्रम, विषय आणि परीक्षेचे वेळापत्रक नियमित विद्यार्थ्याचेच असते. शाळेत बसण्यातून सूट मिळते, बाकी सारे तेच राहते. मुक्त विद्यालयात अभ्यासाची रचनाच वेगळी असते.

ही लवचीकता नेमकी कशात आहे?

पहिली गोष्ट म्हणजे वेळ. दहावीसाठी किमान वय १४ आणि बारावीसाठी १५. वयाची कमाल मर्यादा नाही. एकदा नोंदणी केली की ती पाच वर्षे चालते आणि तेवढ्या काळात परीक्षेच्या नऊ संधी मिळतात. सार्वजनिक परीक्षा वर्षातून दोनदा होते, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. सगळे विषय एकदम देण्याची सक्ती नाही. एका वेळी दोन विषय दिले, त्यात उत्तीर्ण झाले, तर ते खात्यात जमा राहतात. याशिवाय ठराविक केंद्रांवर ‘मागणीनुसार परीक्षा’ देता येते. तयारी झाली की विद्यार्थी त्या विषयाची तारीख घेतो.

दुसरी गोष्ट म्हणजे विषय. किमान एका भाषेसह पाच विषय घ्यायचे असतात. दहावीला गणित किंवा विज्ञान घेतलेच पाहिजे, असे बंधन नाही. चित्रकला, गृहविज्ञान, डेटा एन्ट्री यांसारखे विषयही निवडता येतात. आधीच्या मंडळात उत्तीर्ण झालेल्या दोन विषयांपर्यंतचे गुण इथे वळते करून घेता येतात. दहावीत गणितात अडकलेल्या मुलासाठी ही फार मोठी गोष्ट आहे.

तिसरी गोष्ट म्हणजे मूल्यमापन. सारी मदार तीन तासांच्या पेपरवर नसते. घरी सोडवून अभ्यासकेंद्रात द्यायच्या स्वाध्यायांना वीस टक्के भार असतो. अभ्यासकेंद्रांत सुट्टीच्या दिवशी संपर्क वर्ग घ्यायचे असतात. उत्तीर्ण होण्यासाठी ३३ टक्के गुण लागतात.

याची गरज नेमकी कोणाला आहे?

मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९ चा. तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याचे छत्र ६ ते १४ वयापर्यंत, म्हणजे आठवीपर्यंतच आहे. मुक्त विद्यालयाच्या दहावीचे किमान वयही १४ आहे. कायद्याची हमी संपते तिथेच ही वाट सुरू होते. नववीत गेलेले मूल शाळेत टिकले नाही, तर त्याला परत आणण्याची कायदेशीर जबाबदारी कोणावरही राहत नाही. फक्त लक्षणीय प्रमाणात अपंगत्व असलेल्या मुलांना २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे.

महाराष्ट्रातले एक उदाहरण पाहावे. बीडसारख्या जिल्ह्यांतील ऊसतोड कुटुंबे दिवाळीच्या आगेमागे मुकादमाची उचल घेऊन गाव सोडतात आणि गाळप संपल्यावर मार्च-एप्रिलमध्ये परततात. राज्य मंडळाची दहावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे ऐन हंगामात होते. आई-बापाचा कोयता फडात चालू असताना थोरली मुलगी कोपीवर स्वयंपाक करते, धाकट्यांना सांभाळते. तिने कुठे आणि कधी अभ्यास करायचा? एप्रिल-मे किंवा ऑक्टोबरमध्ये, एका वेळी दोन-तीन विषयांची परीक्षा देता येणे हे तिच्या आयुष्याच्या वेळापत्रकाशी जुळणारे आहे. तरीही अशा गावांत मुक्त विद्यालयाचे नाव क्वचितच ऐकू येते. मुंबई-पुण्यात मात्र घरीच शिकवणाऱ्या पालकांना, क्रीडा किंवा संगीतात पुढे गेलेल्या मुलांच्या घरांना ही वाट नीट माहीत असते. सोय सर्वांसाठी आहे, पण तिची माहिती सर्वांपर्यंत पोहोचलेली नाही.

वेगळ्या पद्धतीने शिकणाऱ्यांसाठी काय आहे?

अक्षरे उलटसुलट दिसणे किंवा वाचन अडखळणे, लिहिताना हात आणि विचार यांचा मेळ न बसणे, आकड्यांचा अर्थच न लागणे ही अध्ययन अक्षमतेची तीन ठळक रूपे आहेत. बुद्धी कमी असण्याशी त्यांचा संबंध नाही. २००७ च्या ‘तारे जमीं पर’ने हे घराघरांत पोहोचवले. त्याच्या बऱ्याच आधी, १९९६ पासून, महाराष्ट्राने या मुलांना परीक्षेत सवलती द्यायला सुरुवात केली होती. २०१६ च्या कायद्याने मान्य अपंगत्वांची संख्या ७ वरून २१ केली आणि त्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश केला.

राज्य मंडळ या मुलांना वाढीव वेळ, लेखनिक यांसारख्या सवलती देते. मुक्त विद्यालयातही त्या आहेत. शिवाय विषयांची निवड आणि टप्प्याटप्प्याने परीक्षा हे तिथे सर्वांसाठीच आहे, त्यामुळे ‘हा सवलतीचा विद्यार्थी’ असा शिक्का बसत नाही. दृष्टिहीनांसाठी ध्वनिपुस्तके आणि कर्णबधिरांसाठी सांकेतिक भाषेतील चित्रफिती तयार झाल्या आहेत. २०२१ मध्ये भारतीय सांकेतिक भाषेला माध्यमिक स्तरावर भाषा विषयाचा दर्जा मिळाला. कर्णबधिर मुलाला आपली भाषा हाच विषय म्हणून शिकता येणे, हे त्याचे महत्त्व आहे. दिव्यांग आणि वंचित विद्यार्थ्यांसाठी काम करणाऱ्या संस्थांना विशेष अभ्यासकेंद्र म्हणून मान्यता देण्याचीही तरतूद आहे.

कागदावर पाहिले, तर यापेक्षा उदार शालेय व्यवस्था देशात दुसरी सापडणार नाही. तरीही अडचण उरतेच. सवलत परीक्षेच्या तीन तासांत मिळते आणि मुलाला मदत लागते ती उरलेल्या वर्षभर. ज्याला वाचायलाच त्रास होतो, त्याच्या हाती जाड पाठ्यपुस्तक देऊन ‘आता तुझ्या गतीने शिक’ म्हणणे म्हणजे पोहायला न येणाऱ्याला ‘हवे तेव्हा विहिरीत उतर’ म्हणण्यासारखे आहे. त्याला वाचून दाखवणारे, उत्तर तोंडी ऐकून घेणारे, चूक कुठे होते ते ओळखणारे कोणीतरी लागते. असे प्रशिक्षित विशेष शिक्षक मोठ्या शहरांबाहेर मिळणे कठीण आहे आणि शहरांत त्यांचे शुल्क सामान्य कुटुंबाला झेपत नाही.

ऑनलाइन वर्गांनी प्रश्न सुटला नाही का?

काही अंशी सुटला. ‘स्वयम्’ हे केंद्राचे व्यासपीठ जुलै २०१७ मध्ये सुरू झाले. त्यावरील नववी ते बारावीच्या काही अभ्यासक्रमांची जबाबदारी मुक्त विद्यालयाकडे आहे. चित्रफीत, वाचन साहित्य, स्वयंचाचणी आणि शंका विचारण्याची जागा अशी त्याची चौपदरी रचना आहे. त्याच वर्षी ‘दीक्षा’ आले. टाळेबंदीत, मे २०२० मध्ये, ‘पीएम ई-विद्या’ची घोषणा झाली आणि दूरचित्रवाणीवरील शैक्षणिक वाहिन्या त्याखाली आल्या. ऑगस्ट २०२१ मध्ये मुक्त विद्यालयाने आभासी शाळा सुरू केली. वर्षभराने, ऑगस्ट २०२२ मध्ये, दिल्ली सरकारने ‘देशातील पहिली आभासी शाळा’ म्हणून आपली शाळा जाहीर केली. तेव्हा पहिला मान कोणाचा, यावरून जाहीर खुलासे झाले. पहिले कोण यावर चर्चा झाली. त्या शाळांत आलेले मूल शेवटपर्यंत टिकते का, हा प्रश्न मात्र मागे राहिला.

साहित्याची चणचण आता पूर्वीइतकी नाही. अडथळे दुसरीकडे आहेत. ग्रामीण भागातील १४ ते १८ वयोगटाच्या ‘असर २०२३’ पाहणीत जवळपास ९० टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन आढळला. हा आकडा ऐकून प्रश्न मिटल्यासारखा वाटतो. पण त्याच पाहणीत, फोन वापरता येणाऱ्यांपैकी स्वतःचा फोन असलेले मुलगे सुमारे ४४ टक्के होते आणि मुली सुमारे २० टक्के. घरात फोन असतो. तो वडिलांच्या खिशात किंवा भावाच्या हातात असतो. मुलीला तो मिळतो रात्री, घरचे काम आटोपल्यावर, डेटा संपत आलेला असताना. आपल्या वेळेने शिकण्यासाठी आधी तो वेळ आपला असावा लागतो.

याच पाहणीतील दुसरी बाब अधिक गंभीर आहे. या वयाच्या सुमारे एक चतुर्थांश मुलांना स्वतःच्या भाषेतील दुसरीच्या पातळीचा मजकूरही सफाईने वाचता आला नाही. निम्म्याहून अधिक मुले तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागताना अडली. अशा मुलासमोर दहावीची उत्तमोत्तम चित्रफीत ठेवली, तरी तो ती किती वेळ पाहील?

मग नेमके अडते कुठे?

स्वयंअध्ययन हे स्वतःच एक कौशल्य आहे. शाळेची घंटा, हजेरी, बाकावरचा मित्र, गृहपाठ तपासणाऱ्या बाई या सर्वांचा मुलाला जाच वाटतो खरा. पण त्याच गोष्टी त्याला रेटत पुढे नेतात. मुक्त विद्यालयात हे काही नसते. सोळाव्या वर्षी स्वतःच वेळापत्रक आखून ते पाळणारी मुले थोडी. त्यांच्यामागे बहुतेक वेळा शिकलेले, वेळ देऊ शकणारे पालक असतात. ज्याच्या घरात दहावी झालेले कोणीच नाही, त्याला पाच वर्षांची मुदत संधीसारखी भासते आणि तीच हळूहळू विसरण्याची मुदत होते. नऊ संधी असल्या की पहिली सहज हुकते. दुसरीच्या वेळी नोंदणीचा पासवर्ड आठवत नाही. तिसरीपर्यंत मूल कामाला लागलेले असते.

ही पोकळी भरायलाच अभ्यासकेंद्रे आणि संपर्क वर्ग आहेत. पण केंद्र हे बहुधा एखादी चालू शाळा असते आणि तिचे स्वतःचे विद्यार्थी हीच तिची पहिली जबाबदारी असते. संपर्क वर्गाला हजर राहण्याची सक्ती विद्यार्थ्यावर नाही. तो आला नाही तर का आला नाही, हे विचारायला कोणी त्याच्या घरी जात नाही. स्वाध्याय वेळेत दिले नाहीत तर गुण जातात, पण आठवण करून देणारे कोणी नसते.

मग ही जागा बाजार घेतो. ‘शाळेत न जाता थेट दहावी’, ‘एका वर्षात हमखास पास’ अशा जाहिराती शहरोशहरी दिसतात. काही खासगी वर्ग प्रामाणिकपणे शिकवतात. काही जण अधिकृत शुल्काच्या कित्येक पट रक्कम घेऊन फक्त फॉर्म भरून देतात. बनावट संकेतस्थळांपासून सावध राहा, असे आवाहन संस्थेला वारंवार करावे लागले आहे. मुली, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना सरकारी शुल्कात सवलत आहे. ती सवलत घेऊन वाचवलेले पैसे शेवटी एजंटाच्या हाती जात असतील, तर ती कोणासाठी दिली, हा प्रश्न आहे.

नापास मुलांना बाहेर ढकलण्याची ही वाट आहे का?

हा धोका कल्पनेतला नाही. दिल्लीत सरकारी शाळांनी २०१६ पासून नववीत वारंवार नापास झालेल्यांना पत्राचार विद्यालयामार्फत दहावीला बसवण्याची वाट काढली होती. हेतू चांगला होता; मूल शाळेबाहेर जाऊ नये, असाच. पण त्या वाटेने परीक्षेला बसलेल्यांपैकी फार थोडे उत्तीर्ण झाले. जी मुले नेहमीच्या वर्गात रोज शिक्षक समोर असताना मागे पडली, ती कमी शिकवणीत पुढे जातील, हे गणितच चुकीचे होते.

दहावीच्या निकालाची टक्केवारी हीच शाळेची पत ठरत असल्यामुळे महाराष्ट्रातही हा मोह आहे. नववीत कच्च्या मुलाच्या पालकांना बोलावून ‘याला इथे झेपणार नाही, मुक्तमधून करा’ असा सल्ला दिला की शाळेचा निकाल शंभर टक्क्यांजवळ जातो आणि मूल नकाशावरून पुसले जाते. मुलाच्या भल्यासाठी दिलेला सल्ला आणि शाळेच्या निकालासाठी दिलेला सल्ला शब्दांनी सारखेच असतात. ते वेगळे ओळखायचे, तर ते मूल पुढे कुठे गेले याची नोंद शाळेने ठेवली पाहिजे. तशी नोंद आज कोणी मागत नाही.

महाराष्ट्राची स्थिती काय?

मुक्त शिक्षण महाराष्ट्राला नवे नाही. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयाच्याच वर्षी स्थापन झाले. नोकरी-संसार सांभाळून पदवी मिळवलेल्यांची एक पिढीच त्यातून घडली. शालेय पातळीवर मात्र राज्याने फार उशिरा पाऊल टाकले. महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळाची सुरुवात गेल्या दशकाच्या अखेरीस, पाचवी आणि आठवीच्या समकक्ष परीक्षांपासून झाली. शाळा सुटलेल्यांना मागे वळण्यासाठी ते उपयोगी आहे, पण पुढच्या वाटा उघडतात त्या दहावी-बारावीने.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात मुक्त विद्यालयांचा विस्तार करावा, राज्यांनी आपल्या मुक्त विद्यालय संस्था उभाराव्यात किंवा बळकट कराव्यात आणि अभ्यासक्रम प्रादेशिक भाषांत आणावेत, असे स्पष्ट म्हटले आहे. धोरण २०३० पर्यंत माध्यमिक स्तरापर्यंत शंभर टक्के पटनोंदणीचे उद्दिष्ट ठेवते. राष्ट्रीय संस्थेच्या दहावीला मराठी माध्यमाची सोय आहे. पण चित्रफिती, थेट वर्ग, शंकानिरसन यांत हिंदी-इंग्रजीचा पगडा आहे. मराठी माध्यमातून शिकलेले, वाचनात आधीच अडखळणारे मूल तिथे दुहेरी अडते.

प्रमाणपत्राला किंमत आहे का?

आहे. पुढील प्रवेशासाठी आणि सरकारी नोकरीसाठी ते इतर मंडळांच्या बरोबरीचे आहे. वैद्यकीय प्रवेशाबाबत एकेकाळी अडथळा होता. २०१८ मध्ये मुक्त विद्यालयाच्या विद्यार्थ्यांना ‘नीट’पासून दूर ठेवणारा नियम आला. दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच वर्षी तो रद्द केला आणि २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात हा वाद विद्यार्थ्यांच्या बाजूने संपला.

व्यवहारात मात्र दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. गणित सोडून दहावी झालेल्या मुलाला गणित लागणाऱ्या पुढच्या वाटा अवघड होतात. ही किंमत निवडीच्या दिवशीच सांगितली गेली पाहिजे. दुसरी गोष्ट निकालाच्या तारखेची. एप्रिल-मेच्या परीक्षेचा निकाल साधारण जून-जुलैत लागतो. राज्यातील अकरावी प्रवेशाची ऑनलाइन प्रक्रिया तोवर बरीच पुढे गेलेली असते. २०२५ पासून ही प्रक्रिया संपूर्ण राज्यात लागू झाल्याने हा प्रश्न आता फक्त महानगरांपुरता राहिलेला नाही. लवचीक मंडळातून आलेले मूल पुढच्या पायरीवर पुन्हा ताठर वेळापत्रकाला धडकते.

आधार दिला तर फरक पडतो का?

पडतो, आणि तो कसा द्यायचा याचे नमुने आहेत. ‘प्रथम’ संस्थेचा ‘सेकंड चान्स’ हा उपक्रम २०११ पासून शाळा सुटलेल्या मुली-महिलांना दहावीपर्यंत नेतो. महाराष्ट्रातही तो चालतो. त्यात थेट दहावीचे पुस्तक हाती दिले जात नाही. आधी काही महिने पायाभूत वाचन-लेखन-गणित पक्के करून घेतले जाते, मग अभ्यासक्रम सुरू होतो आणि जवळच्या केंद्रात शिक्षिका असते. परीक्षा तीच, प्रमाणपत्रही तेच. बदलतो तो मधला प्रवास.

बाहेरही पाहता येईल. न्यूझीलंडची पत्राद्वारे शिकवणारी सरकारी शाळा १९२२ पासून दूरच्या मळ्यांतील मुलांना शिकवते आहे. आज ती ऑनलाइन आहे. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याची आभासी शाळा १९९७ मध्ये सुरू झाली. तिथे नाव नोंदवले म्हणून शाळेला निधी मिळत नाही. विद्यार्थ्याने अभ्यासक्रम यशस्वीपणे पूर्ण केला तर मिळतो. शिक्षकाने विद्यार्थी आणि पालकांशी नियमित फोनवर बोलणे हा तिथल्या कामाचा भाग आहे. मुलाने धडा उघडला नाही तर शिक्षकाला कळते आणि फोन जातो. या पद्धतीचेही दोष आहेत, कारण सोप्या विद्यार्थ्यांनाच घेण्याचा मोह त्यात होऊ शकतो. पण शाळेचे यश पूर्ण केलेल्या अभ्यासक्रमांवर मोजायचे, पटावर नाही, हे तत्त्व घेण्याजोगे आहे.

काय करायला हवे?

पहिले म्हणजे मार्गदर्शक. नोंदणी झालेल्या प्रत्येक मुलाला नाव-फोन माहीत असलेला एक माणूस मिळाला पाहिजे. त्याने दर पंधरवड्याला विचारावे, स्वाध्यायाची तारीख सांगावी, अडले तर केंद्रावर बोलवावे. यासाठी नवी इमारत लागत नाही. जिल्हा परिषदेच्या शाळा संध्याकाळी रिकाम्या असतात. मानधनावर निवृत्त शिक्षक किंवा गावातलीच शिकलेली सून हे काम करू शकते.

दुसरे म्हणजे प्रवेशाआधी चाचणी. मूल कोणत्या पातळीवर वाचते, हिशेब करते, हे पाहून आवश्यक असेल तर तीन-चार महिन्यांचा पाया-अभ्यास द्यावा. अध्ययन अक्षमतेची शंका आली तर तपासणीसाठी पाठवावे. प्रमाणपत्रासाठी जिल्ह्यातून मुंबई-पुण्याला खेटे घालावे लागू नयेत, म्हणून जिल्हा रुग्णालयातच ही तपासणी व्हावी आणि एक विशेष शिक्षक निदान प्रत्येक तालुक्याला असावा.

तिसरे म्हणजे मराठी. राज्य मुक्त विद्यालय मंडळाने बारावीपर्यंतचे ध्वनिधडे आणि चित्रफिती मराठीत कराव्यात. त्या कमी डेटात चालाव्यात आणि एकदा उतरवून घेतल्या की नेटशिवाय पाहता याव्यात. फडावर आणि पाड्यावर नेटवर्क नसते, हे गृहीत धरूनच आखणी व्हावी.

चौथे म्हणजे हिशेब. नोंदणी किती झाली याची जाहिरात पुरे झाली. नोंदवलेल्यांपैकी किती जण पाच वर्षांत पूर्ण झाले, कोणत्या जिल्ह्यात, मुली किती, दिव्यांग किती, हे दरवर्षी प्रसिद्ध व्हावे. एखाद्या शाळेने नववीतून किती मुले मुक्त विद्यालयाकडे पाठवली आणि त्यांचे काय झाले, हेही त्यात असावे.

यावर पैसा कुठून आणायचा, असा आक्षेप येईल. एका मार्गदर्शकाकडे तीस-चाळीस मुले दिली तरी खर्च नियमित शाळेतील वर्गापेक्षा कमीच राहील, कारण इमारत, बाके, रोजची तासिका यांतले काही लागत नाही. मुक्त शिक्षण स्वस्त असते ते खरेच. पण ते फुकटात होईल असे मानून आधारावरचा खर्च शून्यावर आणला की उरतो तो फक्त परीक्षेचा फॉर्म.

पालकांनी प्रवेशापूर्वी काय पाहावे?

नोंदणी थेट अधिकृत संकेतस्थळावरूनच करावी. मध्यस्थाला पासवर्ड देऊ नये. अभ्यासकेंद्र निवडताना तिथे एकदा जाऊन संपर्क वर्ग खरोखर होतात का आणि कोण घेते, ते विचारावे. मुलाला पुढे काय करायचे आहे ते आधी ठरवून मग विषय निवडावेत. सोपे म्हणून सोडलेले गणित पुढे आडवे येऊ शकते. पहिल्या फेरीत पाचही विषय न घेता दोन घ्यावेत आणि ते पार पडले की पुढचे. सवलती हव्या असतील तर प्रमाणपत्राची तयारी परीक्षेच्या बऱ्याच आधी सुरू करावी. ‘हमखास पास’ म्हणणाऱ्याला दुरूनच नमस्कार करावा.

आणि एक गोष्ट घरानेच ठरवायची आहे. रोज एक तास फोन अभ्यासासाठी मुलीच्या हातात असेल आणि त्या तासात तिला कोणी हाक मारणार नाही. सरकारने वेळापत्रक मोकळे केले. घरानेही तेवढे केले पाहिजे. त्यापुढचा भार मात्र एकट्या घराला पेलणारा नाही. नोंदणीच्या पावतीबरोबर मुलाला एखाद्या माणसाचा फोन क्रमांक देण्याची जबाबदारी राज्याने आता घेतली पाहिजे.